काळ्या गणवेशातला शिपाई: मिनिएचरवर काळा रंग कसा खुलवायचा

मिनिएचरवर, म्हणजे बोटभर उंचीच्या पुतळ्यावर, लाल कोट रंगवायचा असेल तर वाट सोपी असते. घडीच्या आत गडद लाल, घडीच्या माथ्यावर नारिंगीकडे झुकणारा लाल, झालं. काळ्याचं तसं नसतं. बाटलीतला काळा सरसकट लावला की त्याहून गडद काही उरतच नाही आणि सावली दाखवायला जागा संपते. मग माणूस वरून करडा लावायला घेतो, अजून थोडा, अजून थोडा, आणि तासाभराने कोट राखाडी झालेला असतो. नवख्यांचे बहुतेक काळे शिपाई यातल्याच एका गतीला जातात: तीन फुटांवरून नुसता डाग दिसतो, नाहीतर धुरळा बसल्यासारखा कोट दिसतो.

म्हणून ब्रश उचलण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. शुद्ध काळा सावलीसाठी राखून ठेवायचा आणि मूळ रंग त्याच्या एक पायरी वरचा, अगदी गडद करडा घ्यायचा. आणि हायलाइट, म्हणजे उजेड पडल्यासारखी दिसणारी फिकट छटा, कुठे, केवढा, किती उजळ, हे ती काळी वस्तू कशाची आहे ते पाहून ठरवायचं. लोकर, चामडं, केस, लोखंड, प्रत्येकाचं काळेपण निराळं असतं.

यामागे साधं कारण आहे. पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत पाठवतो, मॅट काळा रंग जेमतेम चार-पाच टक्के. लोकरीच्या कापडावरून हा थोडासा उजेड सगळीकडे विखुरतो, त्यामुळे काळा कोट उन्हातही फारसा उजळत नाही आणि उजेड-सावलीची सीमा मऊ राहते. पॉलिश केलेल्या चामड्याचा पृष्ठभाग मात्र समोरचा उजेड थेट परतवतो. बुटात आकाशाचा तुकडाच दिसतो: लहान, काटेकोर कडेचा, चांगलाच उजळ. हा फरक आपल्या डोळ्याला न शिकवता कळतो. २८ मिलिमीटरच्या शिपायावर घड्या मिलिमीटरभरसुद्धा खोल नसतात, खोलीतला खरा उजेड त्यांच्यात हा फरक दाखवू शकत नाही, म्हणून तो आपण रंगाने दाखवायचा.

उदाहरणासाठी कोण?

ब्रन्सविक या जर्मन संस्थानाचा शिपाई, १८१५ सालचा. ड्यूक फ्रीडरिश विल्हेल्म याने १८०९ मध्ये उभारलेली ही फौज डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत असे. त्याचे वडील १८०६ मध्ये नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध आउअरश्टेटच्या लढाईत जबर जखमी होऊन पुढे वारले आणि राज्यही गेलं. त्या शोकाचा हा काळा रंग, असं सांगितलं जातं. ड्यूक स्वतः १६ जून १८१५ रोजी कात्र ब्रा इथे मारला गेला, वॉटर्लूच्या दोनच दिवस आधी. त्याच्या लाइब बटालियनच्या, म्हणजे खास तुकडीच्या, शिपायाच्या अंगावर काळ्या लोकरीचा कोट, काळ्या चामड्याचे पट्टे आणि काडतुसांची पेटी, काळा शाको म्हणजे उंच टोपी, तिच्यावर घोड्याच्या काळ्या केसांचा तुरा आणि कवटीचं रुपेरी चिन्ह. काळ्याला सुट्टी म्हणून फिकट निळी कॉलर. काळ्याचे चार प्रकार एकाच बोटभर माणसावर, शिकायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही. २८ मिमीमध्ये असे शिपाई बऱ्याच कंपन्या काढतात. तुमच्याकडे दुसरं काही असेल, अवकाशातला चिलखती योद्धा किंवा काळी कफनी घातलेला जादूगार, तरी पायऱ्या त्याच राहतात.

थेट महागड्या मिनिएचरवर हात टाकायचा धीर होत नसेल तर दिवाळीत किल्ल्यांसाठी बाजारात येणारे मातीचे किंवा प्लास्टरचे मावळे घ्या. स्वस्त असतात, आकाराने मोठे असतात, घड्या ढोबळ असतात. फक्त माती आणि प्लास्टर रंग पितात, तेव्हा आधी प्रायमरचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थराचे, दोन हात द्या.

सामान

रंगांची नावं मी वालेहो मॉडेल कलरची देतो, कारण त्यांचे क्रमांक पाहून कुठल्याही दुकानात अचूक बाटली मागता येते: ब्लॅक ७०.९५०, जर्मन ग्रे ७०.९९५, बेसॉल्ट ग्रे ७०.८६९, डार्क प्रशियन ब्लू ७०.८९९, जर्मन कॅमो ब्लॅक ब्राउन ७०.८२२, आयव्हरी ७०.९१८. काळ्यासाठी एवढे सहा पुरतात. कॅमलच्या ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिकही चालतात, पण ते जाड असतात, थोडं थोडं पाणी घालून चांगले घोटून घ्यावे लागतात.

या यादीत पांढरा नाही, हे मुद्दाम. काळ्यात पांढरा घातला की खडूसारखा, निळसर करडा तयार होतो आणि तोच सगळ्या घड्यांवर चढतो. उजळ करायला आयव्हरी वापरा, करडा जरा उबदार राहतो.

ब्रश एक नंबरचा, गोल, टोकदार. नवखे हमखास ००० नंबरचा घेतात. त्याच्या पोटात रंग मावतच नाही, मिनिएचरपर्यंत नेईतो टोकावर वाळतो आणि रेघ तुटते. बारीक रेघ टोकामुळे येते, ब्रश किती बारका आहे त्याने नाही.

ओली पॅलेट घरी करा: झाकणाचा पसरट डबा, तळाशी भिजवलेला टिश्यू, वर बटर पेपर. काळ्यासाठी आपल्याला चार-पाच छटा शेजारी शेजारी ओल्या लागतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात ताटलीवरचा रंग पहिली छटा लावून होईपर्यंत सुकलेला असतो. टेबलावर पांढऱ्या उजेडाचा दिवा असू द्या. पिवळ्या बल्बखाली निळसर काळा आणि तपकिरी काळा यांतला फरक दिसत नाही, सकाळी उठून पाहिलं की धक्का बसतो.

पायरी १: प्रायमर आणि उजेडाचा नकाशा

प्रायमर करडा घ्या. काळ्या प्रायमरवर घड्या दिसत नाहीत, आणि न दिसणारी घडी रंगवता येत नाही. प्रायमर वाळला की शिपाई दिव्याखाली धरा, दिवा डोक्याच्या वर, थोडा डावीकडे, आणि फोनने चारही बाजूंनी फोटो काढा. उजेड कुठे पडतो याचा हा नकाशा. पुढे सगळं काळं झाल्यावर कुठली घडी वर होती हे आठवत नाही, तेव्हा हेच फोटो कामाला येतात.

पायरी २: मूळ रंग

दोन भाग जर्मन ग्रे, एक भाग काळा. पाणी घालून ताकाइतका पातळ करा आणि दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. हा रंग कोट, पॅन्ट आणि शाकोच्या अंगाला. चामड्याला आणि तुऱ्याला आत्ता हात लावू नका.

वाळल्यावर तो पुरेसा काळा वाटणार नाही. वाटू नयेच. शेजारी गोरा चेहरा आणि निळी कॉलर आली की तोच रंग काळा दिसायला लागतो. खात्री हवी असेल तर चेहरा आत्ताच रंगवून टाका. मी तरी आधी चेहराच करतो, म्हणजे काळ्याला मोजायला काहीतरी समोर असतं.

पायरी ३: सावली

आता शुद्ध काळा, भरपूर पातळ. काखेत, पट्ट्यांच्या खाली, कोटाच्या घेराच्या आत, दोन पायांच्या मधे आणि प्रत्येक खोल घडीच्या तळाशी. ब्रश रंगात बुडवून लगेच टिश्यूवर टेकवा, जादाचा रंग शोषला जाऊ द्या, मग लावा. नाहीतर पातळ रंग खाचेऐवजी सपाट जागेवर डबकं करतो आणि वाळल्यावर त्याच्या कडेला गोल डाग राहतो.

तयार वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, उदाहरणार्थ सिटाडेल कंपनीचा नल्न ऑइल, इथे वापरला तरी चालेल, कारण खाली गडद करडा आहे. शुद्ध काळ्यावर तोच वॉश ओतून ‘शेडिंग केलं’ म्हणणारे बरेच भेटतात. तिथे त्याने होतं काहीच नाही, फक्त चमक थोडी बदलते.

पायरी ४: लोकर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. पॅलेटवर तीन छटा मांडा. पहिली नुसता जर्मन ग्रे. दुसरी तीन भाग जर्मन ग्रे आणि एक भाग बेसॉल्ट ग्रे. तिसरी दोन्ही सम भाग. कोटासाठी याच्या वर जायचं नाही.

पहिली छटा फोटोत उजळ दिसलेल्या सगळ्या जागी: खांदे, छातीचा वरचा भाग, कोपर, गुडघा, घड्यांचे माथे. दुसरी त्याच्या निम्म्या जागेत. तिसरी त्याच्याही निम्म्यात, म्हणजे खांद्याचा माथा, कोपराचं टोक आणि दोन-तीन मोठ्या घड्यांच्या वरच्या टोकांना, बाकी कुठे नाही. प्रत्येक घडीला तिन्ही छटा दिल्याच पाहिजेत असं काही नाही. पाठीवरच्या, खाली झुकलेल्या घड्यांना पहिलीच पुरते.

छटांच्या पायऱ्या दिसायला लागल्या की पुन्हा काळ्याकडे या. एक थेंब काळा, सहा-सात थेंब पाणी किंवा ग्लेझ मीडियम. वर्तमानपत्रावर रेघ ओढून पाहा, खालची अक्षरं सहज वाचता आली पाहिजेत. हा ग्लेझ, म्हणजे खालचं दिसू देणारा पातळ थर, जिथे दोन छटा भेटतात तिथून सावलीच्या दिशेने ओढा. रंगाचे कण ब्रश जिथे उचलता तिथे जास्त साचतात, त्यामुळे रेघ सावलीत संपली पाहिजे. उलट ओढली तर हायलाइटवरच काळं साचेल. पूर्ण वाळू द्या, पुन्हा एक हात. तीन-चार हातांत सीमा विरघळते. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण कोट राखाडी न दिसता काळा दिसतो तो याच ग्लेझमुळे. हायलाइट लावताना थोडा अतिरेक झाला तरी बिघडत नाही, ग्लेझने मागे खेचता येतो.

लोकरीवर कडेने उजळ रेघ मारू नका. कॉलरची किंवा बाहीची कड तिसऱ्या छटेने हलकीशी उचलली तर ठीक, पण सगळीकडे रेघ ओढली की कोट पत्र्याचा वाटतो.

आता फोनवर काळा-पांढरा फोटो काढून पाहा. कोटाचा सगळ्यात उजळ भाग चेहऱ्याच्या सावलीच्या भागाहून गडद दिसला पाहिजे. दिसत नसेल तर अजून एक ग्लेझ. लांबून पाहताना कोटाचा चार पंचमांश भाग गडदच राहायला हवा.

पायरी ५: चामडं

इथे उलटा खेळ. मूळ रंग जवळजवळ शुद्ध काळा, त्यात जर्मन कॅमो ब्लॅक ब्राउनचा थेंब. मधल्या छटा जवळपास नकोतच. काडतुसांच्या पेटीच्या झाकणावर वरच्या कडेपासून किंचित खाली बेसॉल्ट ग्रेचा छोटा, स्पष्ट पट्टा, त्याच्या मधोमध आयव्हरी मिसळलेला करडा, आणि अगदी मधे जवळजवळ आयव्हरीचा ठिपका. या उजळ पट्ट्याची कड मऊ करायची नाही. पट्टा आणि काळा यांच्यामधली उडी जितकी मोठी, तितकं चामडं चकचकीत. बुटांना टाचेवर आणि चवड्याच्या उंचवट्यावर तसाच एकेक ठिपका.

पेटीच्या कडा, पट्ट्यांच्या कडा, बुटांची टोकं, इथे मात्र रेघ शोभते. ब्रशचं टोक न वापरता त्याची कूस कडेवर आडवी धरा आणि कडेच्या लांबीने सरकवा. कडच रेघ सरळ ठेवते, हात थरथरला तरी फरक पडत नाही. कोपऱ्यात, जिथे दोन कडा मिळतात, तिथे रेघ थोडी उजळ.

मोहिमेवरचा शिपाई असेल तर चामडं घासलेलं असतं आणि घासलेल्या जागी आतला तपकिरी दिसतो. जर्मन कॅमो ब्लॅक ब्राउनमध्ये आयव्हरी मिसळून कडांवर आखूड, तुटक खरचटे द्या. पाच-सहा पुरेत, त्याहून जास्त दिले की शिपाई भंगारातून उचलल्यासारखा दिसतो.

पायरी ६: तुरा आणि शाको

घोड्याच्या केसांना चमक असते, पण ती आडव्या पट्ट्यात येते. तुरा जिथे वळून खाली पडतो त्या वळणावर. काळ्यात डार्क प्रशियन ब्लू मिसळून मूळ रंग द्या, म्हणजे हा काळा कोटाच्या काळ्यापासून वेगळा वाचता येईल. मग वळणावर केसांच्या दिशेने बारीक उभ्या रेघा: आधी निळ्यात थोडा बेसॉल्ट ग्रे, नंतर जास्त. रेघांची लांबी सारखी ठेवू नका. मुळाशी आणि टोकाशी काळा ग्लेझ. ड्रायब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश घासून, हे काम झटपट होतं हे खरं, पण काळ्यावर ड्रायब्रशची भुकटी दिसते, म्हणून मी टाळतो.

शाकोचं अंग लोकरीसारखंच मॅट, फक्त आकार नळकांड्याचा. उजेडाचा उभा पट्टा कडेला न घेता डावीकडून एक तृतीयांशावर घ्या आणि दोन्ही बाजूंना गडद होत जाऊ द्या. पुढची झडप चामड्याची, तिला एक चमकदार वक्र रेघ. रुपेरी कवटी शेवटी रंगवा. तिच्याभोवती काळ्याची बारीक रेघ ठेवली की ती लांबूनही ओळखू येते.

इतर काळ्या वस्तूंसाठी

चिलखताला कडांची रेघ हवीच. गेम्स वर्कशॉपच्या सिटाडेल रंगांतला सरळ क्रम असा: अबॅडन ब्लॅक, त्यावर कडांना रुंद रेघ एशिन ग्रेची, तिच्यावर बारीक डॉनस्टोन, कोपऱ्यांत अ‍ॅडमिनिस्ट्रेटम ग्रेचा ठिपका. थंड, निळसर चिलखत हवं असेल तर डार्क रीपर आणि थंडरहॉक ब्लू. काळ्या घोड्याला पाठीवर, पुठ्ठ्यावर निळसर हायलाइट देतात, पण उन्हात राहिलेल्या बऱ्याच काळ्या घोड्यांचा रंग तांबूस तपकिरी होतो, तसा केला तर घोडा जास्त खरा वाटतो. कावळ्याच्या पंखावर निळा आणि थोडा जांभळा. टायर कधीच काळे रंगवू नयेत, धुळीचा तपकिरी करडा हाच त्यांचा रंग.

पूर्ण पलटण रंगवायची असेल, छत्तीस शिपाई वगैरे, तर वर सांगितलेलं सगळं प्रत्येकावर करत बसाल तर कंटाळून छंद सोडाल. २०१९ मध्ये आलेल्या सिटाडेल कॉन्ट्रास्ट रंगांपैकी ब्लॅक टेंपलर फिकट करड्या प्रायमरवर एकच हात द्या. सावल्या आपोआप खाचेत उतरतात. मग खांद्यांवर जर्मन ग्रे, पेट्यांवर चमकेचे ठिपके, बस. पहिल्या रांगेतल्या तिघा-चौघांवर मात्र पूर्ण मेहनत घ्या, पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते.

पायरी ७: वार्निश

काळ्याची सगळ्यात जास्त नासाडी इथे होते. मॅट वार्निश उजेड विखुरतं, त्यामुळे काळा एक पायरी फिकट दिसतो. चमकदार वार्निशखाली तोच काळा गडद होतो. तेव्हा वार्निशनंतर कोट थोडा उजळणार हे धरूनच चौथ्या पायरीतली तिसरी छटा आखडती ठेवा.

दमट हवेत मॅट वार्निशचा स्प्रे पांढुरका पडू शकतो आणि तो पांढुरकेपणा लाल-हिरव्यावर एकवेळ खपतो, काळ्यावर लपत नाही. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर स्प्रेचा डबा कपाटातच राहू द्या. ब्रशने लावायचं मॅट वार्निश पाणी घालून पातळ करा, दोन हात द्या, आणि खाचांत ते साचणार नाही याकडे लक्ष ठेवा, साचलेलं वार्निश वाळल्यावर दुधाळ दिसतं. स्प्रेने आधीच पांढुरकं झालं असेल तर त्यावर चमकदार वार्निशचा एक हात दिल्यावर बहुतेक वेळा काळा परत येतो. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

मॅट पूर्ण वाळल्यावर, निदान एक रात्र गेल्यावर, साटिन, म्हणजे अर्धवट चमकदार, वार्निश घ्या आणि ते फक्त पट्टे, पेटी, बूट आणि शाकोची झडप यांनाच ब्रशने लावा. तुऱ्याला अगदी पातळ. कोटावर एक थेंबही नको.